परतीनंतरची ओढ : अमेरिकी लेखनातील एका आशयसूत्राविषयी

परदेशी दीर्घकाळ राहून अमेरिकेत परतलेल्या लेखकांविषयीची समीक्षा बहुधा एका गृहीतकावर उभी असते. परतणे म्हणजे प्रवासाची समाप्ती. परतल्यावरही जाण्याची ओढ शिल्लक असेल, तर ते परतणे अपुरे. या गृहीतकाला सर्वांत प्रभावी रूप दिले ते माल्कम काऊलीच्या 'एक्झाइल्स रिटर्न'ने. १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि १९५१ मध्ये सुधारून पुन्हा निघालेल्या या ग्रंथात पहिल्या महायुद्धानंतर पॅरिसला गेलेल्या पिढीचा वृत्तांत आहे. डॉलरपुढे फ्रँक स्वस्त होता म्हणून हे वास्तव्य परवडत होते, हे काऊली लपवीत नाही. माझ्या मते ग्रंथाचा तोच भाग अधिक टिकाऊ आहे. परंतु साऱ्या हकिकतीला तो अखेर प्रयाण आणि प्रत्यागमन, दुरावा आणि पुनर्मीलन या पुराणकथांतील जुन्या आकृतिबंधात बसवतो. हा आकृतिबंध एकदा मान्य केला की, मागे उरलेली ओढ एक तर अपक्वता ठरते, नाही तर निष्ठेचा अभाव. काही महत्त्वाच्या संहिता मात्र असे सुचवितात की, या ओढीमुळेच परतलेल्या लेखकाला आपला देश दिसू लागतो.

हेन्री जेम्स १९०४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत उतरला, तेव्हा मायदेश सोडून त्याला एकवीस वर्षे झाली होती. सुमारे दहा महिने तो हिंडला आणि १९०७ मध्ये 'द अमेरिकन सीन' प्रसिद्ध झाले. न्यूयॉर्कमधील ज्या घरी आपला जन्म झाला ते पाहावयास तो गेला, तर घर पाडलेले होते. पुढे एलिस बेटावर नव्याने येणाऱ्या स्थलांतरितांची छाननी पाहताना त्याला जाणवते की, आपल्या मायदेशाविषयीच्या अंतरंग भावनेत या अनोळखी माणसांनाही वाटा द्यावा लागणार आहे. येथे त्याची भाषा आक्रसते. न्यूयॉर्कच्या ज्यू वस्तीविषयीची त्याची वर्णने तर आज वाचवत नाहीत. तरीही या देशात परका नेमका कोण, हा प्रश्न तो टाळीत नाही, आणि तो त्याला सुचतो तो स्वतः अर्धा परका असल्यामुळे. निवेदनात 'मी'च्या जागी तो वारंवार तृतीयपुरुषी 'अस्वस्थ विश्लेषक' योजतो. ही केवळ शैलीची लकब मानता येणार नाही. घरी परतलेला मनुष्य प्रथमपुरुषात बोलतो. प्रवाशाला स्वतःकडेही बाहेरून पाहावे लागते.

ही दृष्टी सर्वांना सारख्याच किमतीत मिळत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे लागते. जेम्स बाल्डविन १९४८ मध्ये पॅरिसला गेला आणि १९५७ मध्ये परतला. त्याच वर्षी तो दक्षिणेकडील राज्यांत प्रथमच गेला. त्या अनुभवावरील निबंध 'नोबडी नोज माय नेम' (१९६१) मध्ये आहेत. हार्लेममध्ये जन्मलेल्या या लेखकाला स्वदेशाचा हा भाग परदेशाइतकाच अपरिचित होता. परंतु तेथे प्रेक्षक म्हणून वावरण्याची मुभा कृष्णवर्णीयाला नव्हती. कोणत्या दाराने आत जावयाचे आणि कोठे बसावयाचे, हे ठरलेले होते. बाल्डविनही परतल्यावर थांबला नाही. १९६१ मध्ये तो इस्तंबूलला गेला, 'अनदर कंट्री' त्याने तेथेच पूर्ण केली आणि पुढे दक्षिण फ्रान्समध्ये घर केले. त्याला मुळे नव्हती असे म्हणणाऱ्याने, ती रुजण्यासाठी जमीन कोणाच्या ताब्यात होती हेही सांगावयास हवे. आपल्याकडील देशीवादाच्या चर्चेत 'मुळे' हे रूपक इतके सहजतेने वापरले जाते की, मनुष्य झाडाहून वेगळ्या रीतीने जागेशी बांधला जातो, याचा विसरच पडतो.

या दृष्टीने एलिझाबेथ बिशपची कविता अधिक बारकाईने वाचावी लागते. १९५१ च्या अखेरीस ती थोड्या दिवसांसाठी म्हणून ब्राझीलमध्ये उतरली आणि लोता दे मासेदो सोआरेस हिच्यासह दीड दशक तेथे राहिली. १९६७ मध्ये लोताचा मृत्यू झाला. १९७० पासून बिशप हार्वर्डमध्ये शिकवू लागली. १९६५ च्या 'क्वेश्चन्स ऑफ ट्रॅव्हल' या संग्रहाचे दोन विभाग आहेत, 'ब्राझील' आणि 'अन्यत्र'. दुसऱ्या विभागात तिचे नोव्हा स्कोशियातील बालपण येते. म्हणजे जेथे राहते त्या जागेला नाव आहे आणि जेथून आली ती जागा नुसती 'अन्यत्र' आहे. ज्या मुलीचे वडील ती वर्षाची होण्याआधीच गेले, आई मनोरुग्णालयात गेली आणि जिला नातेवाइकांनी या घरातून त्या घरात हलविले, तिच्यासाठी 'घर' ही प्रथमपासूनच सीमेपलीकडील गोष्ट होती. मात्र चरित्रातून कवितेचा सरळ उलगडा करण्याचा मोह येथे आवरावयास हवा. विभागांची ही रचना चरित्र ठाऊक नसलेल्या वाचकालाही अस्वस्थ करते.

परतीनंतरच्या 'जिऑग्रफी थ्री' (१९७६) मधील 'क्रूसो इन इंग्लंड' ही या आशयसूत्राची सर्वांत परिपक्व अभिव्यक्ती होय. डेफोचा क्रूसो घरी पोचतो तो कमाईसह. बिशपचा क्रूसो पोचतो तो कंटाळ्यासह. बेटावर ज्या सुरीवर जीव अवलंबून होता ती आता फळीवर निर्जीव पडली आहे. स्थानिक संग्रहालयाला या वस्तू हव्या आहेत. त्या कोणाला का हव्याशा वाटाव्यात, हे त्याला उमगत नाही. आणि फ्रायडे गोवराने मेला आहे. येथे ओढीचे रूपही पालटते. बेटावर असताना क्रूसोला दुःस्वप्न पडे ते बेटांमागून बेटे प्रसवत जाणारे. प्रत्येकावर राहून तेथील प्राणी-वनस्पतींची नोंद करणे त्याला भाग होते. प्रवासाची इच्छा ही मोकळेपणाची इच्छा असते, या रोमँटिक समजुतीला हे स्वप्न छेद देते. ज्या बेटाने छळले त्याचीच आठवण इंग्लंडमध्ये जागी राहते, कारण तेथे प्रत्येक वस्तूला अर्थ होता. परतलेल्याला पुन्हा निघावेसे वाटते ते नव्या जागेसाठीच असे नव्हे. वस्तूंना पुन्हा अर्थ यावा, अशी ती मागणी असते. काऊलीच्या आकृतिबंधात या मागणीला जागा नाही.

याच संग्रहातील 'द मूस' या कवितेची सामग्री १९४६ मधील एका बसप्रवासाची आहे. ती पूर्ण झाली १९७२ मध्ये, कवयित्री बॉस्टनच्या परिसरात स्थिरावल्यानंतर. नोव्हा स्कोशियाहून बॉस्टनकडे निघालेली बस, मागील आसनांवरून ऐकू येणारी वृद्धांची संथ कुजबूज, त्यांच्या बोलण्यातील मरणे आणि आजारपणे. मध्यरात्री रानातून एक मूस-मादी रस्त्यावर येते, बस थांबते, प्रवासी हलक्या आवाजात बोलू लागतात. मग चालक गिअर टाकतो. मागे तिचा मंद वास आणि पेट्रोलचा उग्र वास उरतो, आणि कविता तेथेच थांबते. बॉस्टन आलेले नसते.