गोष्ट औषधासारखी पाजू नका

न्यूझीलंडच्या डोरोथी बटलर यांचं ‘कुश्ला अँड हर बुक्स’ हे पुस्तक १९७९ साली आलं. कुश्ला ही त्यांची नात. गुणसूत्रांतल्या दोषामुळे ती जन्मतःच अनेक व्याधी घेऊन आली होती. हातात वस्तू धरता येत नव्हती, नजर अगदी जवळचंच टिपायची, आणि रात्र रात्र झोप नाही. वेळ जावा म्हणून आईवडील चौथ्या महिन्यापासून तिला मांडीवर घेऊन, पुस्तक डोळ्यांजवळ धरून वाचू लागले. तिच्या बुद्धीबद्दल डॉक्टरांना फारशी आशा नव्हती, पण चौथ्या वर्षापर्यंत तिची भाषा आणि समज बरोबरीच्या मुलांच्याही पुढे गेली. हा दाखला जगभर दिला जातो, पण बहुधा अर्धाच. पुस्तकांमुळे मुलीची बुद्धी खुलली, एवढंच सांगितलं जातं. आईवडिलांना रात्र काढायची होती आणि लेकीला ते आवडत होतं, हे मागे पडतं.

विशेष मुलांसाठीच्या कथाकथनाचा आपल्याकडचा आजचा मोठा दोष इथेच आहे. बाकीच्या मुलांना आपण गोष्ट सांगतो, विशेष मुलांना गोष्टीतून काहीतरी देतो. दात कसे घासावेत, रांगेत कसं उभं राहावं, पाहुणे आले की काय म्हणावं. कॅरल ग्रे यांनी १९९०च्या सुमारास स्वमग्न मुलांसाठी ‘सोशल स्टोरीज’ची पद्धत घडवली, ती उपयोगाचीच आहे. केस कापायला जाण्याआधी तिथे काय काय होणार हे चित्रांसह सांगितलं, तर मुलाची भीती खरोखर कमी होते. पण ती तयारी झाली. तिच्यात राक्षस नाही, जंगल नाही, फजिती नाही. मुलाच्या वाट्याला आयुष्यभर एवढ्याच गोष्टी येणार असतील, तर त्याच्यापासून साहित्य आपण हिरावूनच घेतलं म्हणायचं.

याचं वाईट अधिक वाटतं, कारण आपल्या लोककथा या मुलांसाठी विलक्षण सोयीच्या आहेत. चिमणी-कावळ्याची गोष्ट घ्या. दार तेच, हाक तीच, आतून दर वेळी नवी सबब. पुढे काय येणार हे आधीच ठाऊक असण्यातला आनंद स्वमग्न मुलाला भरभरून मिळतो. तीच गोष्ट तो दहादा मागतो आणि एक शब्द बदलला तर हरकत घेतो. सेरेब्रल पाल्सी असलेल्या, बोलू न शकणाऱ्या मुलीच्या हाताखाली एक बटण ठेवा. ते दाबलं की चिमणीचं ध्वनिमुद्रित उत्तर वाजतं. आता तिच्यावाचून गोष्ट पुढे सरकत नाही. सांगणाऱ्याची खरी कसोटी मात्र त्यानंतर लागते. हात बटणापर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ गप्प बसणं हीच यातली सर्वांत अवघड कला आहे. भले भले कथाकार तिथे घाई करतात आणि मुलीचं वाक्य स्वतःच म्हणून टाकतात.

म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट तर स्पर्शाचीच. खरा भोपळा मांडीवर द्या, त्याचं वजन कळू द्या, आतला गर आणि बिया हाताला लागू द्या. बहुविकलांग मुलांसाठी परदेशात वस्तूंच्या पिशवीतून गोष्ट सांगण्याची पद्धत रुजली आहे, ती आपल्याला परकी वाटायचं कारण नाही. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे चित्रकथी एका वेळी एकच चित्र समोर धरतात आणि हुडूक, टाळ, वीणेच्या साथीनं कथा गातात. एक चित्र, एक आवाज, एक ठेका. लक्ष चटकन विखुरणाऱ्या मुलासाठी ही मांडणी फार मोलाची आहे. त्यांच्यातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, त्या कलेचा गौरव झाला. ती विशेष शाळांच्या वर्गांत नेण्याचा विचार मात्र व्हायला हवा तसा झालेला नाही.

कर्णबधिर मुलांची अडचण वेगळी आहे. त्यांचे बहुतेक आईवडील ऐकू येणारे असतात आणि सांकेतिक भाषा त्यांना येत नसते. म्हणजे झोपतानाची गोष्ट घरातूनच नाहीशी. शाळेत ताई एका हातात पुस्तक धरून दुसऱ्या हातानं खुणा करू लागल्या, तर मुलानं पाहायचं कुठे? चित्र आणि हात दोन्ही एकदम पाहता येत नाहीत. आधी चित्र दाखवावं, थांबावं, मग पुस्तक खाली ठेवून चेहरा आणि हात उजेडात आणून सांगावं. भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र आणि एनसीईआरटी यांच्यात २०२० मध्ये करार झाला तो पाठ्यपुस्तकांसाठी. तो हवाच होता, पण इथेही धडा आधी आणि गोष्ट नंतर, हा क्रम चुकला नाही.

अंध मुलांच्या शिक्षणाचा वारसा महाराष्ट्रात जुना आहे. मुंबईत दादरची अंध मुलींची शाळा १९०० सालची. स्वागत थोरात यांनी २००८ मध्ये ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केलं, हे मोठंच काम. उणीव आहे ती लहानग्यांच्या चित्रपुस्तकांची. डोळसांचं चित्र उठावाच्या रेषेत छापलं की अंध मुलासाठी चित्र झालं, हा समज चुकीचा आहे. झाडाची बाह्यरेषा ही डोळ्यांची खूण आहे. बोटांना झाड कळतं ते सालीच्या खरखरीतून, पानाच्या शिरांतून. मेनेना कोतीन आणि रोसाना फारिया यांचं ‘द ब्लॅक बुक ऑफ कलर्स’ अतिशय देखणं आहे, काळ्या पानावर काळ्या उठावाचं. माझ्या मते मात्र ते अंधत्वाची चाहूल डोळसांना देणारं पुस्तक आहे. फ्रान्समधली ‘ले द्वा की रेव्ह’ ही संस्था कापड, दोरा, लाकूड वापरून पानं बनवते. ती वाट मला अधिक खरी वाटते. एनसीईआरटीच्या ‘बरखा’ मालिकेची सर्वसमावेशक आवृत्तीही नीट पाहावी. छापील मजकूर, ब्रेल आणि स्पर्शचित्रं एकाच पुस्तकात असल्यानं अंध आणि डोळस मूल शेजारी बसून तेच पान वाचू शकतात. ती हिंदीत आहे. मराठीला तिच्या तोडीची मालिका हवी.

गोष्टीतलं विशेष मूल कसं असतं, हाही प्रश्न आहेच. पुष्कळदा ते शेवटी काहीतरी अचाट करून आपली किंमत सिद्ध करतं. तूलिका प्रकाशनाचं ‘कन्ना पन्ना’ मला आवडतं, पण गुहेतले दिवे गेल्यावर अंध मुलानंच सगळ्यांना बाहेर काढायचं, यात त्या परीक्षेची छाया आहे. त्यांच्याच ‘कॅच दॅट कॅट!’मधली व्हीलचेअरवरची डिप डिप मात्र निव्वळ खोडकर आहे. मांजरामागे ती झाडावर चढते. तिला कोणाला काही पटवून द्यायचं नाही, म्हणून ती अस्सल वाटते.

सर्वांत उपेक्षित आहेत ती सोळा-सतरा वर्षांची बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुलं. त्यांच्या हातात अजून बडबडगीतंच दिली जातात. त्यांना प्रेम, मैत्री, रहस्य, क्रिकेट हवं असतं, सोप्या वाक्यांत आणि मोठ्या टाइपात. स्वीडनसारख्या देशात अशा सोप्या वाचनाच्या पुस्तकांचं स्वतंत्र प्रकाशन चालतं. मराठीत या वाचकासाठी लिहायचं असतं, हेच अजून लेखकांच्या मनात आलेलं नाही.

कायद्याची आडकाठी राहिलेली नाही. २०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीनं दिव्यांगांसाठी ना-नफा काम करणाऱ्या संस्थांना पुस्तकांची सुलभ रूपं करायला मोकळीक दिली, आणि अंधांना पुस्तकं सुलभ रूपात मिळावीत यासाठीचा आंतरराष्ट्रीय माराकेश करार २०१४ मध्ये मंजूर करणारा भारत पहिला देश ठरला. मराठी प्रकाशकांनी आता एवढं करावं: नवं बालपुस्तक निघालं की त्याची युनिकोडमधली मजकूर-फाइल अशा संस्थांना आपणहून द्यावी. वाचनालयांनी आठवड्यातला एक तास या मुलांसाठी राखावा आणि त्या तासाच्या शेवटी गोष्टीतून काय शिकलात, हा प्रश्न कोणालाही विचारू नये.