‘ओमोलोगाता’ : एका कृदन्ताची परीक्षा

१९६० नंतरच्या दशकात इटलीत निर्माण झालेल्या ‘ग्रान तुरिस्मो’ वर्गातील मोटारींविषयीचे बहुतेक लेखन त्यांच्या वेगाच्या आणि बाह्याकृतीच्या गुणवर्णनात खर्ची पडले आहे. दूरचा प्रवास वेगाने व सुखाने करता यावा अशी बंद छताची, बहुधा दोन दारांची मोटार, हा या संज्ञेचा रूढ अर्थ होय. या मोटारींची नावे म्हणजे केवळ कर्णमधुर अलंकार, अशी समजूत त्या लेखनात सर्वत्र आढळते. वस्तुतः अशा प्रत्येक नावात एक संक्षिप्त विधान दडलेले असते. आणि विधान म्हटले की त्याच्या सत्यासत्यतेचा प्रश्न टाळता येत नाही. या दृष्टीने फेरारी कंपनीच्या १९६२ सालच्या ‘२५० जी. टी. ओ.’ या नावाची परीक्षा उद्बोधक ठरते.

प्रथम अंकाचा विचार करू जाता असे दिसते की, ‘२५०’ हा अंक इंजिनाच्या एका सिलिंडरचे घनमान सांगतो. बारा सिलिंडरांच्या या इंजिनाचे एकूण घनमान २,९५३ घन सेंटिमीटर. त्यास बाराने भागले असता सुमारे २४६ येतात. ‘३३०’ या नावाच्या मोटारीचे ३,९६७ घन सेंटिमीटरही याच हिशेबात बसतात. उलट लाम्बोर्गिनीच्या १९६४ सालच्या ‘३५० जी. टी.’ मध्ये अंक संपूर्ण इंजिनाचा असून तो साडेतीन लिटर दर्शवितो. म्हणजे ‘३५०’ चे इंजिन ‘३३०’ च्या इंजिनापेक्षा लहान आहे! चिन्हाचे मूल्य त्याच्या व्यवस्थेतच ठरते, या सोस्यूरच्या सिद्धान्ताचे याहून सुबोध उदाहरण क्वचितच सापडेल. तथापि एका व्यवस्थेच्या आत हा अंक मापवाचक आहे; तो मोजून पडताळता येतो.

‘ओ’ या अक्षराची गोष्ट वेगळी आहे. ते ‘ओमोलोगाता’ या कर्मणि भूतकालवाचक कृदन्ताचे आद्याक्षर होय. त्याच्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘एकच बोलणे’. मराठीतील ‘एकवाक्यता’ हा शब्द त्याच्या अगदी जवळ जातो. हे कृदन्त स्त्रीलिंगी आहे, आणि ‘तुरिस्मो’ तर पुल्लिंगी. तेव्हा त्याचा अन्वय जवळच्या नामाशी लागत नाही. तो अध्याहृत अशा ‘मोटार’ या अर्थाच्या शब्दाशी लागतो. मराठीतील ‘गाडी’प्रमाणे इटालियनमध्येही तो शब्द स्त्रीलिंगीच आहे. मान्यता पावलेली गाडी कोणती, हे मात्र नाव सांगत नाही. सारा वाद याच अध्याहृत विशेष्याचा आहे.

आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या तत्कालीन नियमानुसार या वर्गात मान्यता मिळण्यासाठी बारा महिन्यांत १०० गाड्या तयार होणे आवश्यक होते. तीन लिटर इंजिनाच्या जी. टी. ओ. गाड्या १९६२ ते १९६४ या काळात अवघ्या ३६ झाल्या. तरीही मान्यता मिळाली. कारण ही गाडी १९५९ पासूनच्या आखूड ‘२५० जी. टी.’ चाच एक प्रकार आहे, असे महासंघाने मानले. वास्तविक तिचा सांगाडा सुधारलेला, वंगणपद्धती निराळी, गिअर चारांऐवजी पाच, आणि मोदेनाच्या स्काल्येत्ती यांच्या कारखान्यात घडलेली तिची काया तर सर्वस्वी नवी होती. यावरून हे नावच लबाडीचे, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. पण तो योग्य नव्हे. भूतकालवाचक कृदन्त वस्तूचा गुण सांगत नाही. ते घडलेली क्रिया सांगते. महासंघाने मान्यता दिली, एवढेच ‘ओमोलोगाता’ म्हणते, आणि तेवढे ते खरे आहे. दोष असलाच तर तो निर्णयाचा, शब्दाचा नव्हे.

खरा शब्ददोष पुढील गाडीत आढळतो. १९६३ साली पुढे आलेल्या ‘२५० एल. एम.’ मध्ये इंजिन चालकाच्या मागे गेले होते, आणि पहिली गाडी वगळता पुढच्या गाड्यांचे इंजिन ३.३ लिटरांचे होते. कंपनीच्याच रीतीप्रमाणे तिचे नाव ‘२७५’ असावयास हवे होते. त्याच मापाच्या दुसऱ्या गाडीला १९६४ साली ते दिलेही गेले. येथे मात्र जुन्या कुळाशी नाते दाखविण्यासाठी ‘२५०’ कायम राहिला. माप सांगणारा शब्द असा दाव्यासाठी राबविला गेला. आणि १९६४ साली महासंघाने तो दावा फेटाळला. निर्णयवाचक शब्द निर्णयाने खरा होतो. मापवाचक शब्दाला कोणाच्याही संमतीने खरेपणा येत नाही. याच वर्षाच्या सुमारास अमेरिकेतील पॉन्टिॲक कंपनीने ‘जी. टी. ओ.’ ही तीन अक्षरे उचलली. तेथे अशा मान्यतेचा संबंधच नव्हता. क्रिया नाहीशी झाली, कृदन्ताचा ध्वनी तेवढा उरला.

या कथेचा उत्तरार्ध २०१९ सालचा आहे. त्या वर्षी बोलोन्याच्या न्यायालयाने २५० जी. टी. ओ. ही स्वतंत्र निर्मिती असलेली कलाकृती असल्याचे मान्य करून तिच्या अनधिकृत प्रतिकृतींना मनाई केली. जी १९६२ साली ‘इतरांसारखीच’ म्हणून मान्य झाली, तीच सत्तावन्न वर्षांनी ‘इतरांसारखी नाही’ म्हणून मान्य झाली. दोन्ही निर्णयच, नावात मात्र पहिल्याचीच नोंद राहिली आहे.

मराठी परिभाषेतही ‘मान्यताप्राप्त’, ‘प्रमाणित’, ‘अधिकृत’ हे शब्द याच जातीचे आहेत. शाळेच्या फलकावर किंवा तराजूच्या वजनावर ते गुणवाचक विशेषणांसारखे वाचले जातात. परंतु त्यांचा खरा अर्थ कळण्यासाठी कोणी, केव्हा आणि नेमके कशाला मान्यता दिली, हे तीन प्रश्न विचारावेच लागतात. ते न विचारणारा वाचक शब्दाला गुण समजतो, आणि मग फसवणुकीचा दोष विनाकारण शब्दाच्या माथी मारतो.