'झोंबी'तील बाल्य आणि मानसशास्त्रीय संकल्पनांची कसोटी

डॉ. आनंद यादव यांची 'झोंबी' (१९८७) ही आत्मचरित्रात्मक कादंबरी कोल्हापूर जिल्ह्यातील कागलच्या मातीतून उगवलेली आहे. १९९० साली तिला साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. दारिद्र्य आणि शिक्षणासाठीची धडपड या अंगाने तिच्याविषयी पुष्कळ बोलले जाते. तथापि विकास, व्यक्तिमत्त्व व सामाजिक वर्तन अशी जी स्वतंत्र प्रकरणे मानसशास्त्राच्या प्रारंभिक पाठ्यक्रमात असतात, ती आनंदाच्या बाल्याशी ताडून पाहिली असता काही ठिकाणी अपुरी पडतात.

एरिक एरिक्सन यांनी मनोसामाजिक विकासाच्या आठ अवस्था मांडल्या. त्यांपैकी चौथी, साधारणतः सहा ते बारा या वयातील, 'उद्यमशीलता विरुद्ध न्यूनता' ही होय. हातून काम पार पडते, मोठ्यांची मान्यता मिळते आणि 'आपल्याला जमते' ही भावना बालकात रुजते. तसे न घडल्यास न्यूनत्व येते. आनंदाला काम जमत नाही असे मुळीच नाही. पिकाला पाणी पाजणे, गुरे राखणे, गुऱ्हाळाच्या धांदलीत राबणे हे सारे तो करतो. पण ज्या कर्तबगारीने न्यूनत्व हटावे, तीच त्याच्या पायातील बेडी ठरते. कामाला आलेला पोर शाळेत धाडणे बापाला परवडत नाही. वर्गात मात्र त्याच्या पोशाखाची टिंगल होते. एकच मूल एकाच दिवशी रानात समर्थ आणि वर्गात उणे असते. शाळा नसलेल्या समाजांतील श्रमशिक्षणाचा विचार एरिक्सन यांनी केला आहे. परंतु शेत आणि शाळा एकमेकांविरुद्ध उभी ठाकली म्हणजे काय होते, याचे उत्तर अवस्थांच्या तक्त्यात सापडत नाही.

बापाच्या स्वभावाविषयी वाचक फार लवकर निर्णय देतो. वर्तनाचे कारण परिस्थितीत न शोधता स्वभावात शोधणे, यास सामाजिक मानसशास्त्रात मूलभूत गुणारोपण-त्रुटी म्हणतात. गूळ लवकर बाजारात गेला तर भाव चांगला मिळतो, हा बापाचा हिशेब निव्वळ क्रौर्याचा नव्हे. तरीही कादंबरी त्याला निर्दोष सोडत नाही, कारण पोराला राबवून तो स्वतः गावभर मोकळा हिंडतो. परिस्थितीचा दाखला येथे अर्धाच पुरतो.

दत्ताजीराव देसायांच्या वाड्यावरील प्रसंग या दृष्टीने विशेष मोलाचा आहे. हर्बर्ट केलमन यांनी १९५८ साली अनुपालन आणि आंतरिकीकरण यांत भेद केला. देसायांच्या दरडावणीने बाप नमतो, हे निव्वळ अनुपालन होय. म्हणूनच शाळेपूर्वी रानातले काम, शाळेनंतर गुरे, कामाची गर्दी असेल त्या दिवशी शाळेला रजा, अशा अटी लगेच पुढे येतात. ज्या कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा आदेश काढला, त्याच भागात सुमारे तीन दशकांनंतरही एका मुलाची शाळा वाड्यावरील शब्दावर अवलंबून राहते. कायद्यापेक्षा सत्तासंबंधच येथे प्रभावी ठरतात.

वसंत पाटील या हुशार मुलाचे पाहून आनंदा वह्या-पुस्तके नीटनेटकी ठेवतो, गणितात लक्ष घालतो. अल्बर्ट बंडुरा यांच्या निरीक्षणात्मक अध्ययनाचे हे सरळ उदाहरण असल्याने त्यावर अधिक भाष्य नको. एवढे मात्र नोंदवावे लागते की हे बाल्य प्रौढ लेखकाने स्मरणातून मांडले आहे. ते व्यक्ति-अध्ययन नव्हे, साहित्यकृती आहे.

सौंदलगेकर मास्तरांच्या कविता-शिकवणीनंतर जे घडते ते अनुकरणाच्या पलीकडचे आहे. रानातील जो एकटेपणा आनंदाला पूर्वी जाचत असे, तोच आता हवासा वाटू लागतो. पाणी पाजता पाजता मोठ्याने कविता म्हणता येते, अभिनय करता येतो. कागद जवळ नसला की म्हशीच्या पाठीवर काटकीने ओळी उमटतात. शाळेने दिलेले त्याच्या अंगी मुरते ते शाळेत नव्हे, बापाने राबायला धाडलेल्या त्या रानात.