शीवचा किल्ला आणि दोनशें मीटरांचें वर्तुळ

मुंबईंतील जुन्या वास्तूंभोंवतीं इमारतींची उंची किती असावी, या वादांत आजवर दोन पक्ष बोलत आले आहेत. एक म्हणतो, राहत्या माणसांच्या डोक्यावरचें छप्पर पडावयास आलें असतां पडक्या तटाचें कौतुक कशाला? दुसरा म्हणतो, तट एकदां गेला कीं पुन्हा येत नाहीं. दोघांच्याही बोलण्यांत तथ्य आहे. परंतु शीवच्या किल्ल्यापुरतें पाहतां, ज्या मापानें हा वाद तोडण्याचें योजिलें आहे, तें मापच इतिहासास धरून नाहीं, असें आमचें मत आहे.

प्रथम नांवाविषयीं. शीव म्हणजे सीमा. जेरुसलेमच्या झायन टेकडीशीं हें नांव जोडणारी एक कथा सांगतात. परंतु गांवाचें नांवच जेथें त्याच्या स्थानाचें वर्णन करीत आहे, तेथें इतक्या दूर जाण्याचें प्रयोजन आम्हांस दिसत नाहीं. इंग्रजांच्या ताब्यांतील परळ बेटाची हद्द येथें संपे व खाडीपलीकडे पोर्तुगिजांची साष्टी लागे. गव्हर्नर ऑंजियर याच्या कारकीर्दींत, म्हणजे १६६९ ते १६७७ या काळांत, येथील टेकडीच्या माथ्यावर किल्ला उभा राहिला. हा कांहीं मोठा लढाऊ दुर्ग नव्हे. ही चौकी होय, व चौकीचें काम लढण्याहून पाहण्याचें अधिक. १७३७ सालीं मराठ्यांनीं ठाणें घेऊन साष्टींत पाय रोविला. त्याच सालीं धारावीचा काळा किल्ला गव्हर्नर हॉर्न याच्या हुकुमानें बांधल्याचा लेख त्याच्या भिंतींत आहे. इंग्रजांस तेव्हां काय दिसत होतें, हें त्या एका दगडावरून कळतें. १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी आप्पांनीं वसई घेतल्यावर शीवच्या पहारेकऱ्यासमोर पोर्तुगीज उरले नाहींत, मराठे आले. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनीं ठाणें घेईपर्यंत ही स्थिति टिकली. म्हणजे पस्तीस वर्षें मराठी राज्य आणि कंपनीचा अंमल यांची येथील शीव हीच शीव होती. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं गव्हर्नर डंकन याच्या वेळीं खाडीवर बांध घालून शीव साष्टीस जोडण्यांत आली, व चौकीचें काम संपलें.

आतां कायद्याकडे वळूं. या किल्ल्यास '१९२५ सालीं प्रथम श्रेणीचा वारसा' ठरविण्यांत आलें, असें विधान अनेक वर्णनांत आढळतें. मुंबईंत वारसा-वास्तूंच्या श्रेणी १९९५ च्या नियमांनीं आल्या. तेव्हां १९२५ सालीं श्रेणी मिळणें शक्य नाहीं. त्या सालीं कांहीं झालें असेल, तर तें १९०४ च्या प्राचीन स्मारक कायद्याखालील संरक्षण असावें, असा आमचा तर्क आहे. हा खुलासा क्षुल्लक वाटेल. पण संरक्षण व श्रेणी यांचे परिणाम निराळे आहेत, व रहिवाशांस अडतें तें संरक्षणच. १९५८ च्या केंद्रीय कायद्याखालीं १९९२ सालीं निघालेली अधिसूचना व २०१० ची दुरुस्ती यांनीं संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरांपर्यंत नवें बांधकाम निषिद्ध ठरविलें, व त्यापुढील दोनशें मीटर नियंत्रित ठरविले. लोक दोनशें मीटरांचें वर्तुळ म्हणतात. हिशेबानें तें तीनशें भरतें.

या वर्तुळावर आमचा मुख्य आक्षेप आहे. परळच्या बारादेवींत १९३१ सालीं सांपडलेलें अखंड शिवशिल्प देवळाच्या आंत पूजेंत आहे. त्यास हादरा व खणती यांपासून जपलें म्हणजे पुष्कळ झालें. शीवच्या चौकीचा अर्थ तिच्या दृष्टींत आहे. दोहोंस एकच माप लावणें म्हणजे पोथी व नौका यांस एकच वेष्टन घालणें होय. शिवाय भूमितीही कायद्याच्या उलट बोलते. समजा, बुरुजावरील माणसाचा डोळा पाण्याच्या पातळीहून चाळीस मीटर उंच आहे व पाणी दोन हजार मीटर दूर आहे. वाटेंत दोनशें मीटरांवर छत्तीस मीटर उंचीचा अडथळा चालेल. एक हजार मीटरांवर मात्र वीस मीटरांचाच चालेल. जवळचें घर रुंदीनें अधिक झांकतें हें खरें. पण दूर गेलें कीं उंचीची मोकळीक वाढावी, हा कायद्याचा समज पाहण्याच्या कामापुरता चुकीचा आहे. परिणाम असा कीं, वर्तुळांतील चार मजली जुन्या घरास हात लावतां येत नाहीं, आणि वर्तुळाबाहेरचा मनोरा खाडी झांकून उभा राहतो. रहिवाशी अडला, आणि ज्यासाठीं तो अडला तें दृश्यही गेलें.

दृश्य जपण्याची कल्पना मुंबईस नवी नाहीं. मलबार टेकडीवरील कमला नेहरू व फिरोजशहा मेहता उद्यानांतून बॅक बे व चौपाटी दिसावी, म्हणून शहराच्या विकास नियमांत इमारतींच्या उंचीवर बंधन आहे. लंडन शहरानें सेंट पॉलच्या मंदिरासाठीं १९३७ सालींच तसे उंचीचे नकाशे केले. फिरावयास आलेल्यांच्या डोळ्यांस जें मिळालें, तें ज्या ठिकाणीं पाहणें हाच इतिहास आहे त्यास मिळूं नये, हें आम्हांस विपरीत वाटतें.

२०१० च्या दुरुस्तीनें प्रत्येक स्मारकासाठीं स्वतंत्र उपविधि करण्याची तरतूद केली आहे. शीवच्या उपविधींत वर्तुळाऐवजीं दिशा मोजाव्या: बुरुजावरून उत्तरेस कुर्ल्याकडे, पूर्वेस खाडीकडे व पश्चिमेस काळ्या किल्ल्याकडे. त्या पट्ट्यांत तीनशें मीटरांपुढेंही मर्यादा असावी. दक्षिणेस मात्र कंपनीचाच मुलूख होता. तेथें चौकीस पाहण्यासारखें थोडें होतें. टेकडी खालून दिसावी हा हेतु त्या बाजूसही उरतो. पण त्यास टेकडीच्या माथ्याखालीं राहणारी मर्यादा पुरेल, व तेवढ्यांत जुन्या घरांचें पुनर्बांधकाम बसतें. यासाठीं बुरुजावर मोजणीचें यंत्र ठेवून काढलेला एक नकाशा लागेल. तो निघेपर्यंत दोन्ही पक्षांचीं निवेदनें आम्ही सारखींच अपुरीं समजतों.