निरोप नावाची ठेव : इब्न बतूताचं ‘रिहला’ वाचताना

इब्न बतूता आपल्याला पहिल्यांदा भेटतो तो शाळेच्या इतिहासात, मुहम्मद तुघलकाच्या पाठोपाठ. सुलतानाचं औदार्य, त्याचं क्रौर्य, टपालाची व्यवस्था यांसाठी इतिहासकार त्याला साक्षीला बोलावतात आणि साक्ष झाली की परत पाठवतात. मराठी वाचकाला त्याच्याबद्दल आणखी एक कुतूहल असतं. दिल्लीच्या सुलतानाचा वकील म्हणून १३४२ साली तो चीनकडे निघाला, तेव्हा वाटेत दौलताबादेला थांबला. तिथल्या गाणाऱ्या-बजावणाऱ्यांच्या बाजाराचं त्याने वर्णन केलं. नंदुरबारचे मराठे कारागिरीत निपुण आहेत, भात, भाज्या आणि तिळाचं तेल खातात, जेवणाआधी अंघोळ करतात, असंही त्याने नोंदवलं. आपला उल्लेख सापडल्याच्या आनंदात आपण पुस्तक मिटतो.

पण साक्षीदार म्हणून वाचलं की या पुस्तकातला माणूस हातातून निसटतो. हा माणूस घरातून निघाला तो विद्यार्थी म्हणून. त्याचं पुस्तक आगमनांनी आणि नवलांनी भरलेलं असलं, तरी ते सगळ्यात खरं बोलतं ते निरोपांच्या जागी, असं मला वाटतं. कधी बोलून, तर कधी गप्प राहून.

१४ जून १३२५ रोजी तो मोरोक्कोतल्या टँजिअरमधून बाहेर पडला. वय एकवीस. घराणं मालिकी पंथाच्या काझींचं, त्यामुळे शिक्षण धर्मशास्त्राचं आणि कायद्याचं. हेतू हजचा. पण मगरिबच्या विद्यार्थ्याला हजची वाट म्हणजे शिक्षणाचीही वाट होती. कैरो, दमास्कस, मक्का इथे नामवंत गुरूंपुढे बसायचं, ग्रंथ ऐकायचे आणि ते पुढे शिकवण्याची ‘इजाजा’, म्हणजे परवानगी, मिळवायची. ‘रिहला’ हा शब्द अशा प्रवासासाठीही वापरतात आणि त्याविषयीच्या लेखनासाठीही. निघताना त्याच्यासोबत कोणी सोबती नव्हता, काफिला नव्हता. आई-वडील हयात होते. त्यांना सोडणं आपल्याला जड गेलं, असं तो सांगतो, आणि त्या ताटातुटीचं दुःख त्यांनाही झालं आणि आपल्यालाही, अशी पुस्ती जोडतो. निरोपाच्या दोन्ही बाजू इतक्या नितळपणे पुन्हा या पुस्तकात क्वचितच दिसतात.

हे वाक्य एकवीस वर्षांच्या मुलाचं नाही, हे मात्र लक्षात ठेवायला हवं. पन्नाशीतल्या इब्न बतूताने फेझमध्ये सुलतान अबू इनानच्या आज्ञेवरून आठवणी सांगितल्या आणि इब्न जुजय नावाच्या लेखकाने त्या शब्दबद्ध केल्या. पुस्तक पुरं झालं डिसेंबर १३५५ मध्ये. इब्न जुजयने भाषेला साज चढवला, कित्येक वर्णनं तर इब्न जुबैर या जुन्या प्रवाशाच्या ग्रंथातून उचलली. दमास्कसच्या मशिदीचं वर्णन असं उसनं घेता येतं. पण आई-वडिलांचा निरोप सांगताना सांगणाऱ्याला पुढचं सगळं ठाऊक होतं. तो परत आला तेव्हा दोघेही नव्हते. पहिल्या पानावरचं ते ‘त्यांनाही आणि मलाही’ शेवटच्या पानावर उभं राहून म्हटलेलं आहे.

सुरुवातीच्या प्रवासात त्याचं विद्यार्थीपण अजून कोवळं आहे. ताप अंगात घेऊन तो चालत राहतो. अशक्तपणामुळे खाली पडू नये म्हणून पागोट्याच्या कापडाने स्वतःला खोगिराला बांधून घेतो. काफिला ट्यूनिसला पोचतो, गावातली माणसं सामोरी येतात, एकमेकांची विचारपूस करतात. याला ओळखणारं कोणीच नसतं, म्हणून कोणी सलामही करत नाही. त्याला रडू कोसळतं. काफिल्यातल्या एका यात्रेकरूच्या ते लक्षात येतं आणि तो जवळ येऊन बोलत राहतो.

ट्यूनिसची भाषा त्याचीच होती, नमाज तीच, कायदाही तोच. तरी ते परकं गाव होतं, कारण तिथे त्याची वाट पाहणारं कोणी नव्हतं. मध्ययुगीन इस्लामी जग म्हणजे एकच मोठं घर होतं, अरबी आणि शरियत येणाऱ्याला ते कुठेही मोकळं होतं, असं इब्न बतूताच्या आधारे नेहमी सांगितलं जातं. त्यात तथ्य आहे. मदरसे आणि धर्मादाय मठ त्याला आसरा देत गेले, आणि कायद्याच्या ज्ञानावर तो मालदीवमध्येही काझी झाला. पण त्याच पुस्तकात इजिप्त आणि सीरियामधलं कतया नावाचं नाकंही आहे. तिथून परवान्याशिवाय कोणाला सोडत नसत, कारण इराककडच्या हेरांची भीती. रात्री वाळू सारखी करून ठेवत आणि सकाळी तिच्यावर पाऊल उमटलेलं दिसलं, तर माणसाचा माग काढून त्याला पकडून आणत. विमानतळावर रांगेत उभ्या असलेल्या आजच्या विद्यार्थ्याला हे नवं वाटणार नाही.

जसजसा प्रवास लांबतो तसतसे निरोप स्वस्त होत जातात. काफिल्यातच एक लग्न होतं, सासऱ्याशी बिनसतं, ते मोडतं आणि लगेच दुसरं होतं. १३२६ साली दमास्कसला तो ‘सहीह बुखारी’ चौदा बैठकांमध्ये ऐकतो. ज्यांच्याकडून ऐकलं त्यांच्यापासून थेट बुखारींपर्यंतची गुरुपरंपरा नावानिशी देतो. इजाजा देणाऱ्यांची नावं देतो, त्यांत जैनब आणि आइशा या दोन विदुषीही आहेत. याच शहरात त्याने लग्न केलं आणि बायको गरोदर असताना तो निघून गेला. तिचं नाव मात्र पुस्तकात नाही. पुढे हिंदुस्थानात असताना मुलगा झाल्याचं कळलं, तेव्हा त्याने मुलाच्या आजोबांकडे चाळीस सोन्याचे दिनार पाठवले.

ज्ञानाची साखळी एका कडीचंही नाव न गाळता जपणारा विद्यार्थी आपल्या संसाराची साखळी अशी सैल सोडतो. याला केवळ ‘त्या काळची पद्धत’ म्हणून पुढे जाता येत नाही, कारण काय जपायचं आणि काय नाही हे पुस्तकच आपल्याला दाखवतं आहे. मालदीवमध्येही तेच. तिथल्या बायका बेटं सोडून जात नाहीत, असं तो नोंदवतो. म्हणजे तिथलं लग्न निरोप गृहीत धरूनच होतं. पुढे तो दोन वर्षांच्या मुलाला बघायला परत येतो, त्याला बरोबर न्यायचं ठरवतो, मग तो इथेच राहिलेला बरा असं वाटून आईकडच्या माणसांना परत देतो. मुलाच्या आईला काय वाटलं, हे कळायला मार्ग नाही.

मराठीत घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात. आपला निरोप म्हणजे एक वचन असतं. अरबीत निरोपाला ‘वदाअ’ म्हणतात आणि त्याच धातूपासून ‘वदीआ’ हा शब्द होतो, म्हणजे विश्वासाने दुसऱ्याकडे ठेवलेली ठेव. निघणारा मागच्यांना अल्लाहच्या हवाली करून जातो. वचनात निघणारा बांधला जातो. ठेव सांभाळण्याची जबाबदारी मात्र दुसऱ्यावर सोपवलेली असते, त्यामुळे निघणारा मोकळा होतो. इब्न बतूताच्या भटकंतीचं बळ या मोकळेपणात आहे, आणि त्याची किंमतही तिथेच आहे.

१३४८ साली, वीस वर्षांनी तो दमास्कसला परततो आणि मुलाची चौकशी करतो. मुलगा बारा वर्षांपूर्वी वारलेला असतो. तिथेच टँजिअरचा एक विद्वान भेटतो आणि सांगतो, वडील जाऊन पंधरा वर्षं झाली, आई आहे. त्या वर्षी प्लेगने शहरं ओस पडत होती. पुढच्या वर्षी तो मोरोक्कोत पोचला, तेव्हा ताझा गावी त्याला कळलं की आईही प्लेगने गेली. टँजिअरला जाऊन त्याने तिच्या कबरीचं दर्शन घेतलं. हे सगळं तो मोजक्या शब्दांत सांगतो. त्यानंतर सबता, अंदालुस, आणि सहारा ओलांडून मालीपर्यंतचा प्रवास.

दुसऱ्यांच्या ठेवी मात्र तो चोख पोचवतो. तरुणपणी अलेक्झांड्रियात एका शेखने त्याला सांगितलं होतं की हिंदुस्थान, सिंध आणि चीनमध्ये माझे बंधू आहेत, त्यांना माझा सलाम सांग. तिकडे जायचं तोवर याच्या मनातही नव्हतं. पण आपण तिघांना भेटलो आणि सलाम पोचवला, असं तो अभिमानाने सांगतो. चीनमध्ये त्याला सबत्याचा एक माणूस भेटतो, दोघेही रडतात. पुढे सहाराच्या उंबरठ्यावर, सिजिलमासा इथे, तो त्याच माणसाच्या भावाकडे उतरतो आणि दोन भावांमधल्या अंतराचं नवल करतो. चीनच्या प्रवासाबद्दल अभ्यासकांना शंका आहेत. पण सलाम जगाच्या टोकापर्यंत पोचला आणि बापाच्या मृत्यूची बातमी पंधरा वर्षं पोचली नाही, हा विरोध कोणी मुद्दाम रचलेला वाटत नाही.

आज शिकायला परदेशी गेलेला मुलगा रोज फोनवर दिसतो, त्यामुळे हा प्रश्न संपला असं वाटू शकतं. तो संपलेला नाही. शिक्षणासाठी निघालेल्याचं कौतुक होतं, त्याचा प्रवास लिहिला जातो. मागे राहिलेल्यांचं राहणं कोणी लिहीत नाही. इब्न बतूतानेही ते फारसं लिहिलं नाही. पण पुस्तक सांगायला बसला, तेव्हा मक्केचं किंवा दिल्लीचं नवल सांगण्याआधी त्याने आपल्या आई-वडिलांचं दुःख सांगितलं. परत करता न आलेल्या ठेवीची एवढीच नोंद त्याच्या हातात उरली होती, आणि ती त्याने पहिल्याच पानावर केली.