'फक्त सहा महिने वापरलेला'

'फक्त सहा महिने वापरलेला. एकही स्क्रॅच नाही. बॅटरी बॅकअप मस्त. अर्जंट देणे आहे. फालतू मेसेज करू नये.'

गेल्या दहा वर्षांत कथा-कादंबऱ्यांपेक्षा असा मजकूर मी जास्त वाचलाय. कॉलेजात असताना नवं काही घेण्याची ऐपत नव्हती. जुना लॅपटॉप, जुना मल्टिमीटर, कुणाच्या तरी फायनल इयर प्रोजेक्टमधून सुटलेला आर्डुइनो, यावरच शिकलो. गोंदियाहून 130 किलोमीटरवर नागपूर. गाडी पकडायची, सीताबर्डीत फिरायचं, रात्री परत. बाकी सगळं मोबाइलवरच्या जाहिराती वाचून.

त्या वाचनावरून सांगतो, हा एक स्वतंत्र गद्यप्रकार आहे आणि त्याचे नियम ठरलेले आहेत. काळ नेहमी सहा महिन्यांचा. विकण्याचं कारण नेहमी माणसाचं: बदली झाली, भावाने नवा दिला, पैशांची गरज आहे. वस्तूत खोट आहे म्हणून विकतोय, असं कुणी लिहीत नाही. फोटो समोरून, बिजागरीच्या बाजूने कधीच नाही. आणि जिथे आकडा हवा, तिथे हमखास विशेषण येतं. 'बॅकअप मस्त' म्हणजे किती? विंडोजमध्ये एका कमांडवर बॅटरीचा रिपोर्ट निघतो: नवी असताना क्षमता किती होती, आज पूर्ण चार्ज झाल्यावर किती उरते. दोन आकडे टाकले की विषय संपला. पण ते टाकले तर भावही तिथेच संपतो.

मग आकड्यांवर विश्वास ठेवावा का? स्वस्तातल्या नव्या मालाकडे बघा. 18650 नावाचा लिथियम सेल 18 मिलिमीटर जाड, 65 मिलिमीटर लांब असतो. चांगल्या कंपन्यांनाही त्यात साधारण 3500 एमएएचच बसवता येतात. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त सेलवर मात्र बिनधास्त 9900 छापलेलं असतं. शाळेत अतिशयोक्ती अलंकार शिकलो होतो, त्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

2 टीबीचा शे-पाचशेचा पेनड्राइव्ह तर याच्याही पुढे जातो. तिथे खोटं वेष्टनावर थांबत नाही, चिपमध्ये भरलेलं असतं. आत मेमरी 32 जीबी, पण कॉम्प्युटरने विचारलं की कंट्रोलर सांगतो 2 टीबी. तुम्ही फोटो टाकत जाता, फाइलींची नावं दिसत राहतात, आतला फोटो मात्र कधीच गेलेला असतो. पूर्ण भरून पुन्हा वाचून बघितल्याशिवाय हे कळत नाही. एफ3 किंवा एच2टेस्टडब्ल्यू ही फुकट सॉफ्टवेअरं नेमकं तेवढंच करतात.

याउलट पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड. तिथली भाषा रांगडी: 'इथेच चेक करून घ्या, नंतर ऐकून घेणार नाही.' मला हे वाक्य मोबाइलवरच्या सगळ्या गोड जाहिरातींपेक्षा प्रामाणिक वाटतं. त्यात हमी नाही, पण हमीचा आवही नाही. जोखीम कुठून सुरू होते, ते विकणारा तोंडावर सांगतो. जाहिरात तीच जोखीम विशेषणांखाली झाकते.

आपण हौशी लोक हे सगळं जाणतो आणि तरी गप्प बसतो, कारण स्वस्तात मिळाल्याचा आनंद आपल्याला मिरवायचा असतो. 'अकरा हजारांत उचलला' हे दहा जणांना सांगतो. त्याआधी फसलेले तीन सौदे सांगत नाही. म्हणजे जाहिरातीचं व्याकरण आपल्याही बोलण्यात शिरलेलं असतं.

माझ्या लिहिण्यात तर ते शिरलंच होतं. 2021 मध्ये मी माझा जुना लॅपटॉप विकायला काढला. बिजागरी सैल, बॅटरी जेमतेम चाळीस मिनिटं. मी लिहिलं, 'कंडिशन ओके, बॅकअप ठीक.' सालेकसा तालुक्यातून एक गृहस्थ आले. लॅपटॉप उघडूनही बघितला नाही. एवढंच विचारलं, "पोराच्या किलासले चालंल ना जी?"

"चालेल," मी म्हणालो. खोटं नव्हतं. प्लग लावलेला असेल तर चालणारच होता. त्यांच्या गावात दुपारी लाइट किती वेळ असते, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्यांनी नोटा दोनदा मोजून दिल्या.

महिनाभराने त्यांचा फोन आला. तक्रार नव्हतीच. नवी बॅटरी कुठे मिळेल, ती लावता येईल का, एवढंच विचारत होते. रागावले असते तर बरं झालं असतं. मी बॅटरी मागवली आणि स्वतः जाऊन बसवून दिली. पैसे घेतले नाहीत. पण म्हणून जाहिरातीतलं ते वाक्य खरं झालं नाही.

जुनं घेणं-विकणं बंद करा, असं मी म्हणत नाही. त्याच्याशिवाय माझ्यासारख्याचं शिक्षण झालंच नसतं. पण जाहिरातीला समीक्षा लागते, आणि ती खरेदी करणाऱ्याआधी लिहिणाऱ्याने करायची असते. आता मी काही विकतो तेव्हा पहिली ओळ खोटीची असते: 'बॅटरी 41 टक्के उरली आहे, डावी बिजागरी सैल आहे.' मेसेज कमी येतात. भावही कमी मिळतो. पण नंतर फोन वाजला की छातीत धस्स होत नाही.