वहिवाटीची कविता

जॉन क्लेअर या इंग्रज कवीवर एक आरोप नेहमी केला जातो. तो आरोप प्रथम करणाऱ्यांपैकी एक खुद्द कीट्स होता. दोघांचाही प्रकाशक एकच, जॉन टेलर. त्याच्यामार्फत कीट्सचा अभिप्राय क्लेअरला कळला, तो असा की या कवितेत वर्णन वरचढ झाले आणि भावना मागे पडली. पुढच्या टीकाकारांनी तोच सूर धरला. क्लेअर डोळ्यांचा कवी. विचार त्याच्यापाशी नाही. दिसेल ते झुडूप, सापडेल ते घरटे तो टिपत सुटतो, असे त्यांचे म्हणणे. मला हा न्याय मान्य नाही. क्लेअरचा विचार त्याच्या पायवाटांत आहे, आणि त्या वाटा ज्याने नीट पाहिल्या नाहीत त्याला तो दिसायचा नाही.

मी इंग्लंड पाहिलेले नाही. परंतु क्लेअरच्या कविता आणि त्याच्या गावाचा नकाशा शेजारी शेजारी ठेवून बसावे, म्हणजे गाव हळूहळू पायांखाली येऊ लागते. गावाचे नाव हेल्पस्टन. पूर्वी ते नॉर्दम्प्टनशर परगण्यात मोडत असे, आता पीटरबरोच्या हद्दीत आहे. पूर्वेला आणि उत्तरेला सपाट पाणथळ मुलूख सुरू होतो. दक्षिणेला आणि पश्चिमेला चुनखडीची थोडी उंच, रानाची जमीन. क्लेअरचा जन्म या गावात १३ जुलै १७९३ रोजी झाला. बाप शेतमजूर. जमीन नावापुरतीही नाही.

या गावातून निघणारी एकेक वाट म्हणजे क्लेअरच्या चरित्रातले एकेक प्रकरण आहे. पूर्वेची वाट ग्लिंटनला जाते. तिथल्या देवळाचा उंच निमुळता मनोरा दुरून दिसतो. त्या देवळातल्या शाळेत क्लेअर शिकला, मजुरीच्या दिवसांतून उरतील तेवढेच दिवस. आणि मेरी जॉइस ही मुलगी त्याला भेटली तीही तिथेच. लग्न झाले दुसरीशी, पण मेरी त्याच्या कवितेतून शेवटपर्यंत गेली नाही. उत्तरेला रोमन काळच्या सडकेवर लोलमचे पूल आहेत. गावाच्या दक्षिणेला रॉइस वुड हे रान, आणि त्याच्यापलीकडे एमन्सेलचा माळ. लहानपणी, जिथे आकाश जमिनीला टेकते ती जागा शोधायला म्हणून तो या माळावर एकटाच निघाला आणि ओळखीच्या मुलखाबाहेर गेला. पश्चिमेच्या अंगाला स्टॅमफर्ड हे बाजाराचे गाव. तेराएक वर्षांचा असताना टॉमसनचे ‘सीझन्स’ हे काव्य विकत घेण्यासाठी तो तिथे चालत गेला. परतताना वाचायचा मोह आवरेना, आणि कामाच्या दिवशी मजुराच्या पोराने पुस्तक वाचताना दिसणे बरे नव्हे. म्हणून बर्ली येथील उमरावाच्या बागेची भिंत चढून तो आत उतरला आणि तिथे बसून वाचू लागला. पुढे लवकरच जी भिंत साऱ्या गावाभोवती उभी राहायची होती, तिची ही पहिली ओळख म्हणावी लागेल.

कारण १८०९ साली पार्लमेंटने या भागातली मोकळी शेते, गायराने आणि माळ वाटून कुंपणे घालण्याचा कायदा केला. अंतिम निवाडा झाला १८२० मध्ये. क्लेअरचा पहिला कवितासंग्रह निघाला तोही १८२० मध्येच. ज्या साली लंडन या शेतमजूर कवीचे कौतुक करीत होते, त्याच साली त्याच्या गावची जमीन कागदोपत्री कायमची बंद झाली. कुंपणाची झुडपे लावण्याच्या कामावर त्याला स्वतःला मजुरी करावी लागली होती. आपल्याच वाटेवर आपल्याच हाताने काटे रोवायचे, याहून कठीण मजुरी कोणती असेल?

आता त्याचे वर्णन पुन्हा वाचा. नाइटिंगेलच्या घरट्यावरची त्याची कविता घ्या. कीट्सच्या कवितेत हा पक्षी दिसत नाही; अंधारातून त्याचे गाणे येते आणि कवीचे मन त्यावर स्वार होऊन दूर निघून जाते. ती कविता थोर आहे, त्याबद्दल वाद नाही. क्लेअर मात्र वाचकाला बरोबर घेतो, हळू बोलायला सांगतो, फांद्या बाजूला सारायला लावतो, आणि वाळक्या पानांचे घरटे व त्यातली तपकिरी अंडी दाखवून तसाच मागे फिरतो. दुसऱ्या एका कवितेत घरटे आहे पेटिचॅप या इवल्याशा पक्ष्याचे, तेही गाड्यांच्या चाकोरीलगत. रोज तिथून गाड्या जातात, माणसे जातात, आणि कुणालाच पत्ता नसतो. ही नुसती टिपणे नव्हेत. ज्याच्या नावावर जमिनीचा तुकडा नाही, त्या माणसाने लिहिलेला हा गावाचा सातबारा आहे. झुडूप कुठे, झरा कुठे, कुठल्या बांधावर काय उगवते, सारे त्यात नोंदलेले आहे. फरक एवढाच, की मालकाच्या रकान्यात कुणाचेही नाव नाही.

म्हणूनच ‘स्वॉर्डी वेल’वरची कविता मला त्याच्या कवितांत सर्वांत धीट वाटते. गावाच्या नैर्ऋत्येची ही जुनी दगडखाण. तिच्या गवतावर गरिबांची जनावरे चरत. निवाड्यानंतर सडकांसाठी दगड काढायला ती दिली गेली. या कवितेत क्लेअर स्वतः बोलतच नाही. ती जमीनच बोलते, गावाच्या धर्मादायावर जगण्याची पाळी आलेल्या म्हाताऱ्यासारखी, रागाने आणि लाजेने. ही कविता त्याच्या हयातीत छापली गेली नाही. न छापण्याचे कारण शोधायला नको. पहिल्या संग्रहातल्या गावावरील कवितेत संपत्तीला दिलेले शाप लॉर्ड रॅडस्टॉक या आश्रयदात्याला खपले नाहीत, आणि पुढच्या आवृत्तीतून त्या ओळी गेल्या. शेतातही कुंपण आणि पुस्तकातही कुंपण!

क्लेअरचे सगळेच लेखन या उंचीचे आहे असे मुळीच नाही. आरंभीच्या कित्येक कवितांत टॉमसनचा उसना अंगरखा त्याला ढगळ होतो. काही सुनीते चालून चालून पाय दुखले म्हणून थांबल्यासारखी संपतात. पण जिथे तो आपल्या वाटेवर असतो, तिथे त्याला पोशाखाची गरज पडत नाही. गोगलगाईला तो ‘पूटी’ म्हणतो, कारण गावात तिला तसेच म्हणत. टेलरने त्याच्या बोलीला पुष्कळ ठिकाणी कात्री लावली. वर्गात मुलांच्या वह्या तपासताना मला हे अनेकदा आठवते आणि लाल पेन्सिल क्षणभर थांबते.

वाट हा त्याचा विचार होता याचा पुरावा त्याच्या आयुष्यानेच दिला. १८३२ मध्ये तो नॉर्दबरोला राहायला गेला. अंतर तीनेक मैल, घरही पूर्वीपेक्षा बरे. तरी ‘द फ्लिटिंग’ या कवितेत परदेशी पडल्यासारखा तो व्याकूळ आहे. तीन मैलांत काय बदलते असे विचारणाऱ्याला क्लेअर कळणार नाही. तिथल्या झुडपांशी त्याची ओळख नव्हती, एवढे त्याला पुरे होते. पुढे मनाचा तोल गेला. जुलै १८४१ मध्ये एसेक्समधल्या वेड्यांच्या इस्पितळातून निघून सुमारे ऐंशी मैल तो चार दिवसांत चालला. भूक लागली तेव्हा रस्त्याकडेचे गवत खाल्ले. सकाळी दिशा चुकू नये म्हणून रात्री उत्तरेकडे डोके करून निजला. मनात मेरी होती; ती तीन वर्षांपूर्वीच वारली होती. त्याच साली डिसेंबरात त्याला नॉर्दम्प्टनच्या इस्पितळात नेले, आणि १८६४ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो तिथेच राहिला. पुरले मात्र हेल्पस्टनमध्येच.

इंग्लंडात १९४९ च्या कायद्याने सार्वजनिक पायवाटांचे अधिकृत नकाशे करणे भाग पाडले. लोक एखाद्या वाटेने वीस वर्षे अडथळ्यावाचून, हक्काने चालत आले असतील, तर ती वाट सार्वजनिक ठरू शकते. आपल्याकडे यालाच वहिवाट म्हणतात, आणि १८८२ च्या आपल्या कायद्यातही मुदत वीस वर्षांचीच आहे. आज हेल्पस्टनभोवतीच्या नकाशात हिरव्या तुटक रेषा दिसतात. त्या धरून कुणीही धान्याच्या शेतांमधून चालू शकतो. स्वॉर्डी वेलमध्ये विसाव्या शतकात कचरा टाकला जात होता. आता तिथे राखीव रान आहे. क्लेअरने चाललेली प्रत्येक वाट परत आली असे नव्हे. कित्येक नांगराखाली गेल्या, त्या गेल्याच.

त्या मात्र त्याच्या कवितांत शाबूत आहेत. वाचणाऱ्याला कुणाची परवानगी लागत नाही, फाटकही उघडावे लागत नाही. वाट चालण्याने टिकते हे खेड्यातले पोरही सांगेल. कविताही वाचण्यानेच टिकते, आणि दीडशे वर्षे या कवीच्या वाटेने फार थोडी माणसे गेली. मॅट्रिकपुढे शाळा न पाहिलेल्या माझ्यासारख्यालाही तिथे कुणी अडवले नाही. क्लेअरला वर्णनकार म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी एकदा त्याच्याबरोबर रॉइस वुडपर्यंत चालून यावे, घरट्याला हात न लावता परत फिरावे, आणि मग विचार म्हणजे काय ते ठरवावे.